चटका न लागणारा हात

मित्रांनो, मला आजवर कुणी पाहिलेलं नाही. जिच्या अंगात मी सारा जन्म काढला त्या अंजनीनेही नाही. मी तिच्या रक्तातून फिरणारी एक पांढरी पेशी आहे. डॉक्टर लोक आम्हाला टी-पेशी म्हणतात. आमच्यातल्या बहुतेकजणी काम झालं की मरतात. थोड्याजणींना मागे ठेवलं जातं, एकदा पाहिलेला शत्रू अंगाने विसरू नये म्हणून. मी त्या मागे ठेवलेल्यांपैकी. म्हातारपणी माणसाला विसरायची सवलत असते, पण लक्षात ठेवणं हेच माझं काम असल्यामुळे मला तीही नाही.

माझा जन्म अंजनीच्या मांडीच्या हाडातला. तेव्हा ती वरुडकडच्या एका खेड्यात परकर-पोलकं घालून हिंडणारी पोर होती. जन्मल्याबरोबर आम्हाला छातीच्या हाडामागच्या एका ग्रंथीत धाडतात. ती आमची शाळा. तिथे धडा एकच असतो, आपलं कोण आणि परकं कोण. आपल्याच माणसावर धावून जाईल अशी पेशी तिथल्या तिथे संपवतात. माझ्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या त्यात गेल्या. मी पास झाले, याचा मला अजूनही थोडा ताठा आहे.

पुढे अंजनीचं लग्न झालं आणि ती रेल्वेने जबलपूरला आली. तिच्यासोबत मीही आले, विनातिकीट. तिचा नवरा रत्नाकर एका सरकारी कारखान्याच्या गेटवर पास तपासायचा. घर शहरातल्या अधारताल भागात होतं. रत्नाकरचे वडील इथे आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. मग राज्यांची वाटणी झाली, विदर्भ तिकडे गेला आणि जबलपूर इकडे राहिलं. सासरे म्हणायचे, आपण जागचे हललो नाही, सरहद्दच हलली. अंजनीला मात्र माहेर फार लांब गेल्यासारखं वाटायचं. बाजारात हिंदी, शेजारी हिंदी, आणि पोटात सारखी त्या खेड्यातल्या बोलण्याची आणि जेवणाची ओढ.

ती ओढ ती लंबी रोटीवर भागवायची. तुमच्यातल्या काहींनी ती खाल्ली नसेल, म्हणून सांगते. चुलीवर मातीचा माठ पालथा घालतात. मऊ गव्हाचं पीठ मिठाच्या पाण्यात सैल भिजवून आपटून आपटून असं मळतात की ते तुटता तुटत नाही. मग पोळपाट नाही, लाटणं नाही. पिठाचा गोळा तळहातावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत खेळवत वाढवायचा आणि धोतराच्या सोग्यासारखा पातळ झाला की तापलेल्या माठावर टाकायचा. टाकताना हात माठाच्या इतका जवळ जातो की नवशिकीला दरवेळी चटका बसतो. जबलपुरातल्या आपल्या लोकांत लग्न असो की बारसं, माठाशी अंजनीच लागायची.

सुरुवातीला तिलाही चटके बसायचे. मग हळूहळू ते थांबले. उजवा हात माठाला टेकला तरी ती दचकायची नाही. बायका थक्क व्हायच्या. शेजारची शरयू तर पाहुण्यांना मुद्दाम चुलीजवळ आणून दाखवायची.

"पाहा, आमच्या अंजनीच्या हाताले चटकाच लागत नाही. अन्नपूर्णा बसली आहे हातात."

अंजनी लाजायची, पण तिला आतून गुदगुल्या व्हायच्या. परक्या गावात आपल्याला नाव मिळालं याचं तिला फार अप्रूप होतं. मला रक्तातून ते कळायचं, कारण ती खूश झाली की आम्ही सगळ्या भराभर पळायचो. त्या चुलीजवळच्या कौतुकात एकही बाई अशी नव्हती की जिने विचारावं, चटका लागत नाही तो का लागत नाही. आता आत काय चाललं होतं ते ऐका.

अनेक वर्षांपूर्वी, बहुधा श्वासातून, एक जंतू अंजनीच्या अंगात शिरला होता. कुष्ठरोगाचा जंतू. त्याला कसलीही घाई नसते. एकाचे दोन व्हायलाच तो पंधरवडा घेतो. आमच्याकडे परक्याला गिळणाऱ्या पेशी आहेत, थोराड आणि भाबड्या. त्यांनी त्याला गिळलं, पण पचवता आलं नाही. ज्या पोटात मरायचं त्याच पोटात त्याने बिऱ्हाड थाटलं. अशा वेळी आम्ही टी-पेशींनी त्या गिळणारीला हाक द्यायची असते, की बाई, हा पाहुणा नव्हे, पचव याला. बहुतेक माणसांच्या अंगात ही हाक वेळेवर जाते, जंतू संपतो आणि माणसाला पत्ताही लागत नाही. काहींच्या अंगात ती निघतच नाही आणि जंतू अंगभर पसरतो. अंजनीच्या अंगात ती निघाली, पण उशिरा आणि अर्धवट.

तोवर जंतू तिच्या उजव्या हाताच्या नसांत जाऊन बसला होता. नस म्हणजे इथे रक्ताची नव्हे, जाणिवेची. गरम, गार, खरखरीत, मऊ, सगळ्या बातम्या तिच्यातूनच जातात. आम्ही त्याला तिथे गाठलं तेव्हा त्या अरुंद जागेत दाटी झाली आणि बारीक नसा त्यात चिरडल्या. कोपराखाली एक फिकट चट्टा उमटला आणि तेवढ्या जागेवरून बातम्या यायच्या बंद झाल्या. मला त्या नसांची फार सवय होती. त्यांच्याजवळून जाताना सतत काहीतरी कुजबुज चालायची. ती गेली आणि त्या वाटेने जायला मला नको वाटू लागलं.

अंजनीला सगळ्यात आधी उणीव भासली ती दुपारच्या झोपेत. तिची लेक ज्योती तेव्हा शाळेत जाणारी होती आणि घरी आली की आईच्या उजव्या हातावर डोकं टाकून झोपायची. अंजनीला केस दिसायचे, पण हातावर काहीच पडल्यासारखं वाटायचं नाही. मग ती ज्योतीचं डोकं हळूच वर सरकवून घ्यायची, कोपराच्या वर, जिथे जाण सुरू व्हायची तिथे. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिच्या मनात आलं नाही. पण त्या वेळी तिच्या रक्तात आमचा वेग मंद व्हायचा.

इंदिरा दीदी आली तेव्हा अंजनी अंगणात पीठ आपटत होती. इंदिरा कुष्ठरोग तपासणीचं सरकारी काम करायची, सायकलवरून घरोघर जायची. तिने अंजनीच्या हातावरचा भाजल्याचा फोड पाहिला आणि विचारलं, दुखत नाही का? अंजनीने मोठ्या तोऱ्यात सांगितलं की तिला चटका लागतच नाही. सगळे हसतात त्या जागी इंदिरा हसली नाही. तिने अंजनीला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचं टोक हातावर ठिकठिकाणी लावत विचारलं, कुठे लागतंय ते बोट ठेवून दाखवा. अंजनी दाखवत गेली. मग बराच वेळ काहीच लागलं नाही, म्हणून तिने विचारलं, दीदी, तुम्ही थांबल्या का? इंदिरा थांबली नव्हती. कापूस त्या फिकट चट्ट्यावर होता.

रोगाचं नाव ऐकून रत्नाकरने दार लावून घेतलं. ही गोष्ट घराबाहेर जायची नाही असं ठरलं. इंदिराने समजावलं की गोळ्या सुरू झाल्या की हा रोग दुसऱ्याला लागत नाही, बाई घरातच राहील, सगळं करील. गोळ्या सुरू झाल्या. जंतू मरू लागले, आणि मित्रांनो, इथेच खरा घोटाळा झाला. मेलेल्या जंतूंचे तुकडे अंगभर सुटले आणि ते पाहून आम्ही खवळलो. इतकी वर्षं दबलेली हाक आता भलत्याच जोरात गेली. चट्टा लाल झाला, कोपराजवळची मोठी नस दोरीसारखी फुगली, आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट आत वळू लागलं.

रत्नाकरला वाटलं, गोळ्यांची गरमी झाली. चांगला हात औषधाने बिघडवला असं म्हणत त्याने गोळ्या माळ्यावर टाकल्या. त्याचा तरी काय दोष? गोळ्या घेण्याआधी हात दुखत नव्हता, घेतल्यावर दुखू लागला, एवढं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. अंजनीला घास तोडता येईना. ज्योती तिची वेणी घालू लागली. लग्नघरांतून बोलावणी आली तेव्हा हात मुरगळला आहे असं सांगितलं गेलं. अंजनी चुलीजवळ बसून त्या दोन बोटांकडे बघत राहायची. आपला हात आता कुठल्याच माठाशी जाणार नाही, आणि या गावात आपल्याला पुन्हा कुणी विचारणार नाही, या भीतीने ती आतून वाळून गेली होती.

महिन्यातून एकदा दवाखान्यात येऊन घ्यायच्या गोळीला अंजनी आली नाही म्हणून इंदिरा स्वतः घरी आली. ती रत्नाकरला रागावली नाही. ओट्यावर बसून शांतपणे म्हणाली,

"भैया, दवा ने कुछ नहीं बिगाड़ा. शरीर के अपने सिपाही भड़क गए हैं. उनको शांत करना पड़ेगा, और जल्दी."

सिपाही म्हणजे आम्ही. आपल्याबद्दल कुणी इतकं बरोबर बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. रत्नाकर स्वतः गेटवरचा माणूस. पहाऱ्यावरचे लोक बिथरले तर आतल्याच लोकांना मार बसतो हे त्याला लगेच उमगलं असावं. त्याच दिवशी तो अंजनीला दवाखान्यात घेऊन गेला. नव्या गोळ्यांनी आम्हाला गुंगी आल्यासारखी झाली. हाताला लाकडी पट्टी बांधली गेली. जुन्या गोळ्याही माळ्यावरून खाली आल्या. रोज संध्याकाळी ज्योती आईची बोटं तेल लावून एकेक सरळ करायची आणि अंजनी डोळे मिटून बसायची. किती तरी महिन्यांनी ती बोटं उघडली. करंगळी थोडी वाकडी राहिली, पण पीठ मळता येऊ लागलं.

चट्टा तेवढा मुकाच राहिला. इंदिराने आधीच सांगितलं होतं की गेलेली सगळी जाण परत येईल असं नाही. तरी अंजनी रोज तिथे फुंकर घालून बघायची. मीही रोज त्या वाटेने जाऊन बघायचे. कुजबुज काही ऐकू यायची नाही.

अंजनी पुन्हा माठाशी लागली. लोकांना काहीच माहीत नव्हतं. आता फक्त ज्योती तिच्याजवळ उभी राहायची आणि हात माठाला टेकायच्या आत हळूच म्हणायची, आई, जवळ गेला. रोट्या झाल्या की ती आईचा हात उजेडात धरून फोड आहे का ते बघायची. बायकांना वाटायचं, लेक कशी मायेची आहे. शरयू पूर्वीसारखीच पाहुण्यांना आणून तो चटका न लागणारा हात दाखवायची, आणि अंजनी आता लाजण्याऐवजी खाली बघायची. तिला नाव परत मिळालं होतं, पण ते कशाचं आहे हे आता तिला ठाऊक होतं.

अशी बरीच वर्षं गेली. ज्योती मोठी झाली, कॉलेजात जाऊ लागली. एकदा जबलपूरजवळच्या पनागरला सत्यभामा काकूंच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं. सत्यभामा काकू म्हणजे आपल्या लोकांतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. त्यांचा शब्द खाली पडत नसे. मागच्या अंगणात दोन चुली पेटल्या होत्या. एका माठाशी अंजनी होती, दुसऱ्याशी काकूंची थोरली सून विनता, बरगीकडची, नुकतीच शिकलेली. दुरडीत रोट्या साचत होत्या. शरयू मध्ये उभी राहून दोघींकडे पाहत होती. एकदम ती कौतुकाने म्हणाली,

"अवं बाई, पाहा पाहा. विनताचा हात माठाले टेकला, तरी पोरगी हलली नाही. दुसरी अंजनी तयार होऊन राहिली."

बायका हसल्या. विनता लाजली, जशी अंजनी एके काळी लाजली होती. अंजनीच्या हातावरचं पीठ लोंबत राहिलं. तिचं काळीज इतक्या जोरात उडालं की आम्ही सगळ्या भेलकांडलो. तिने बघितलं, विनताच्या मनगटाच्या वर एक फिकट डाग होता.

तिच्या मनात काय चाललं होतं ते मला सांगता येईल, कारण मी तिच्यातच होते. विनताला बाजूला घेऊन सांगावं, तर तिने घाबरून ते लपवलं असतं, जसं अंजनीच्या घरात लपवलं होतं. काकूंना सांगावं, तर सुनेवर शिक्का बसला असता. गप्प बसावं, तर आपला माठ, आपलं नाव, सगळं सुरक्षित होतं. आणि त्या पोरीचा हात? ज्योतीने आईकडे बघितलं आणि मान हलवली. आई, नको, असं ती म्हणत होती की आई, बोल, असं, ते अंजनीला कळलं नाही. तिने हातावरचं पीठ परातीत ठेवलं.

"थांबा जरा," ती म्हणाली. "माह्या हाताले चटका काहून लागत नाही, हे तुम्ही कधी विचारलंच नाही. मले कुष्ठरोग झाला होता. औषध घेतलं, बरी झाली. पण हे एवढी जागा मेली ते मेलीच. अन्नपूर्णा वगैरे काही नाही त्यात."

 शरयूने रोट्यांची दुरडी उचलली आणि ती कुठे ठेवावी हे न कळून तशीच धरून उभी राहिली. एकजण पदराला हात पुसू लागली. माठ रिकामेच तापत होते. अंजनीला वाटलं, ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं दार लावून घेतलं ती एका दमात बोलून आपण सगळं घालवलं. पण बोलणं अजून पुरं झालं नव्हतं. समईसाठी वळून ठेवलेल्या कापसाच्या वातींतली एक तिने उचलली.

"मले जसं पाहिलं तसं मी सगळ्यांचं पाहीन. डोळे मिटायचे अन् कापूस कुठं लागला ते सांगायचं. एवढंच. ज्यायले पाहू द्यायचं नाही त्यायनं नका देऊ."

 मग सत्यभामा काकू पाटावरून उठल्या. गुडघे धरत त्या अंजनीसमोर येऊन बसल्या, पोलक्याची बाही वर केली आणि सुरकुतलेला हात तिच्या मांडीवर ठेवला.

"आधी माहा पाहाय," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटले.

मित्रांनो, ज्या हाताचा रोग कळल्यावर लोक चार पावलं लांब सरकतात, त्या हातात काकूंनी आपला हात दिला होता. अंजनीने पीठ लागलेली बोटं पदराला पुसली. तिने वात लावली. काकू म्हणाल्या, इथं, आता इथं, आता कोपराजवळ. मग शरयूने दुरडी खाली ठेवली आणि ती पुढे सरकली. मग बाकीच्या आल्या, काही हसत, काही धास्तावून. विनता सगळ्यांत शेवटी बसली. इथं, ती म्हणाली, आता इथं. त्यानंतर ती गप्प झाली. वात त्या फिकट डागावरून फिरत होती आणि विनता डोळे मिटून वाट बघत होती.

अंजनीने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. तिने वात पुन्हा खाली, चांगल्या जागी लावली, विनता इथं म्हणाली, आणि अंजनी सगळ्यांसारखंच तिलाही, झालं, ऊठ, म्हणाली. फक्त उठताना तिने विनताचं मनगट क्षणभर घट्ट धरलं आणि हळूच सांगितलं की उद्या अधारतालला ये, आपण एका दीदीकडे जाऊ. दोन-तीन बायका त्या दिवशी न जेवता गेल्या, हेही सांगायला हवं. बाकीच्या घुटमळत होत्या. काकूंनी दुरडीतली अंजनीच्या हातची रोटी तोडली, रश्शात बुडवून तोंडात घातली आणि म्हणाल्या,

"काय पाहून राहिल्या? चूल थंडी होऊन राहिली. अंजने, टाक रोटी."

अंजनीने पीठ उचललं. डोळ्यांत पाणी असल्यामुळे तिला माठ नीट दिसत नव्हता. आई, जवळ गेला, असं ज्योती म्हणायच्या आत शरयूच घाईने म्हणाली, अंजने, हात सांभाळ.

विनताचं औषध लगेच सुरू झालं. तिच्या नसा अजून फुगल्या नव्हत्या, बोटं शाबूत होती. तिच्या अंगातल्या पेशींना मी कधी भेटले नाही, भेटणारही नाही. पण कापसाच्या एका वातीमुळे त्यांची लढाई वेळेवर लक्षात आली, आणि त्यांना नस चिरडावी लागली नाही, याचं मला फार बरं वाटतं. मित्रांनो, तुमच्या अंगावर फिकट डाग असेल आणि तिथे लागलेलं कळत नसेल, तर ते मिरवू नका आणि लपवूही नका. दाखवा. आणि ज्याला हा रोग झाला आहे त्याच्यापासून हात मागे घेऊ नका. आम्ही आत कितीही पहारा दिला तरी ते काम आम्हाला करता येत नाही, ते बाहेरच्या माणसांनीच करायचं आहे.

पुढच्या वर्षी शरयूकडे नातवाचं बारसं होतं. पुन्हा दोन चुली, पुन्हा दोन माठ. विनताने रोटी टाकली आणि हात झटकन मागे घेतला.

"आई गं," ती ओरडली. "लय झोंबलं."

अंजनीच्या हातातलं पीठ खाली पडलं. तिने विनताचा हात ओढून घेतला, जुन्या डागाच्याच जागी लाल झालं होतं तिथे पुन्हा पुन्हा फुंकर घातली आणि विचारलं, खरंच दुखलं ना? हाव, म्हणून विनता कळवळली. अंजनी तो हात आपल्या गालाला लावून रडू लागली, आणि विनताला कळेना की भाजलं आपल्याला, तर अंजनीकाकू कशाला रडून राहिल्या.